ओट्यावरची मिशरी

१२ डिसेंबर

भाकरीच्या पहिल्याच घासाला रक्त! खालच्या हिरडीतून. त्या बाजूला ब्रश फिरवायचा मी कधीच सोडलाय, तिथं मिशरीच जास्त दाबते. आत्याबाई — माझ्या सासूबाई — म्हणाल्या, "दाब अजून. मिसरीनं हिरडी आवळती."

१४ डिसेंबर

लातूरला जाऊन आले. दातांची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्याच वयाची. तोंडात आरसा घातला अन् विचारलं, "मावशी, मिशरी लावता?" मी बोट पदरात लपवलं. म्हणाली, रक्त येतं तिथंच ब्रश हवा. मऊ, हलक्या हातानं, गोल गोल. घाण साचते म्हणून हिरडी सुजते. झोपायच्या आधीही घासायचं. आणि मिशरी बंद — ती तंबाखूच आहे, मंजन नव्हे. दोन दात हलायला लागलेत, अजून वाचतील म्हणाली.

एसटीत जिभेनं ते दोन दात चाचपत आले. एवढी माया मी त्यांच्यावर कधी केली नव्हती.

१५ डिसेंबर

आता खरी पंचाईत. दात वाचवायचे तर आत्याबाई दुरावतात.

लग्न होऊन आले तेव्हा त्या माझ्याशी धड बोलतही नव्हत्या. एका सकाळी आपणहून मिशरीची डबी पुढं केली. तेव्हापासून रोज दोघी ओट्यावर — बोट तोंडात आणि गावभरच्या बातम्या. त्या तव्यावर तंबाखू भाजणार, मी शिंकत शिंकत कुटणार. आमच्याएवढं सासू-सुनेचं गल्लीत कुणाचं जमत नाही, ते त्या डबीच्या जिवावर.

आज सांगून टाकलं. "हाव," एवढंच म्हणाल्या. मग डबीचं झाकण लावत, "म्हणजे आता माझ्या हातची नको."

१८ डिसेंबर

न्हाणीत एकटीच घासते. त्या ओट्यावर एकट्या, पाठ माझ्याकडं. पाटलांच्या घरी काल काय भांडण झालं, मला अजून कळलेलं नाही!

२४ डिसेंबर

आज रक्त नाही! सांगू कुणाला? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लई भारी. चहा ठेव."

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आत्याबाई मला सोडून आपल्या जावांत जाऊन बसल्या. उंडा त्या दुखऱ्या बाजूनं चावून बघितला. दुखलं नाही, पण गोडही लागला नाही.

३ जानेवारी

न्हाणीतलं पाणी संपलं, म्हणून तांब्या घेऊन ओट्यावर गेले. आत्याबाईंचं बोट तोंडात, डबी शेजारी. सहज उचलली, तर रिकामी. बोटालाही काळं काही नाही.

"येळवशीपसनं भाजलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "कोरडंच बोट फिरवून राहिले. तू येऊन बसशील म्हणून."

तिथंच बसून घासलं. तोंडात फेस, डोळ्यांत पाणी, तरी पाटलांचं भांडण सगळं ऐकलं. उद्या त्यांना ब्रश आणायचा, मऊ. दात चारच उरलेत, पण आहेत.