आई दुपारी विश्रांती घेते

४ मार्च, रात्री ९
नात झाली! योरिंडला, माझ्या एकुलत्या लेकीला. साऱ्या झ्वोले गावभर जन्माची कार्डं पाठवायचं काम माझ्याकडे. छापखान्याच्या नमुन्यात शेवटची ओळ : 'आई दुपारी एक ते चार विश्रांती घेते.' सगळ्यांच्या कार्डावर हीच ओळ! किती रूक्ष! अडतीस वर्षं शाळेत कविता शिकवली ती यासाठी? ओळ काढली. तिथे माझ्या चार घातल्या :

उघडे दार, उघडे घर,
नवी पाहुणी आली;
या रे सारे, या हो सारे,
पहाट अंगणी झाली.

ऐंशी कार्डं टाकली. आयुष्यात प्रथमच छापून आलो.

६ मार्च
बाळ नीट ओढत नाही. योरिंडला अंगावरच पाजायचंय, पण धीर सुटलाय. आठवडाभर घरी येणारी बाळंतिणीची नर्स मारैके शिकवतेय. संकल्प : धीर मी देणार. पाजताना दाराआडून कविता म्हटली. योरिंड हुंदके देऊन रडली. इतकी रसिक पोर! मारैके म्हणाली, आजोबा, भांडी घासायची पडलीत.

८ मार्च, दुपारी २
चौदा पाहुणे. मुलगी झाली की इथली रीत : सगळ्यांना टोस्ट, वर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या. मेहुणी आल्बर्टा खोलीत डोकावून म्हणाली, पोट भरतंय का गं तिचं? आमच्या वेळी नुसत्या धारा लागायच्या! बडीशेपेनं दूध येतं, म्हणून योरिंडला चार टोस्ट नेऊन दिले. म्हणाली, बाबा, मी गाय नाहीये. विनोदबुद्धी परततेय. उत्तम लक्षण.

९ मार्च
तेवीस. चर्चच्या गायनमंडळासकट. बाळाचं वजन आणखी उतरलं. उद्या चढलं नाही तर डॉक्टर, आणि बाटली. योरिंड तासभर न्हाणीघरात कडी लावून. म्हणाली, दोन मिनिटं कुणी माझ्याकडे बघू नका. बघितलं नाही. बाहेरून फक्त तीन कविता म्हटल्या.
मारैकेनं विचारलं, ही जत्रा दुपारची येतेच कशी? म्हटलं, छापखान्याची चूक. तिनं भिंतीवरचं कार्ड काढून मोठ्यानं वाचलं. चाल पार बिघडवली.

१० मार्च, दुपारी १
वजन संध्याकाळी करायचंय. मारैकेनं दारावर कागद लावला : पाहुणे बंद. यमक सुचवलं. तिनं पेन काढून घेतलं. योरिंडला म्हणाली, तुझ्यात काही कमी नाही गं, तुला निवांतपणा मिळत नाहीये.
मग योरिंडनं मला हाक मारली. विचारलं, बाबा, मला पाजताना आईलाही असंच व्हायचं का? रडायची?
आईच्या मायेवरच्या किती कविता पाठ. एकही ओठावर येईना. बायको जाऊन सहा वर्षं झाली, कधी विचारलंच नव्हतं. मी शाळेत असायचो.
म्हटलं, माहीत नाही गं.
तिनं बाळाला उचलून घेतलं. म्हणाली, बरं. मग बाहेर जिन्यावर बसा. कुणाला वर सोडू नका. आणि बाबा, गप्प.

दुपारी १.४०
जिन्यावर आहे. आत काही आवाज नाही. पितेय की नाही, कळत नाही. विचारायचं नाहीये.