बातम्या, अर्ध्या वेगाने

४ मार्च, बुधवार

जुनं टीव्ही कार्ड जपून वापरणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो! आपल्या सर्वांवर एकच अन्याय झालेला आहे. आपली वस्तू धडधाकट आहे. तिला साधं खरचटलेलंही नाही. आणि एका सकाळी कुणीतरी येऊन सांगतं — तू बाद!

थांबतो. समोर सभा नाही, पान आहे. पान टाळ्या वाजवत नाही. बरंच आहे ते.

झालं ते असं. मुलगी दोन दिवसांसाठी आली आणि तिने संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. "बाबा, जुनी आता धोक्याची आहे." घातली आणि आपल्या घरी परत गेली. संध्याकाळी बायको नेहमीप्रमाणे बातम्या रेकॉर्ड करायला बसली. पडदा काळा. मधोमध एक ओळ — उपकरण सापडत नाही. मी संगणकाचं झाकण काढून पाहिलं. उपकरण जागच्या जागी! बोट लावून खात्री केली.

५ मार्च

संगणकावर टीव्ही दाखवणाऱ्या या कार्डावर इतका जीव का, ते लिहून ठेवतो. तापाच्या आजारात बायकोचे कान गेले. तेव्हापासून हीच तिची शाळा. बातम्या देणारी बाई रेकॉर्ड करायची. आवाज बंद. वेग अर्धा. आणि ओठ वाचायचे. जमलं की पूर्ण वेग. पडद्याच्या तळाशी मथळ्यांची पट्टी सरकत असते, तिच्यावर ती पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवते. "कॉपी करून पास व्हायचं नाही मला." घरात अडलं-नडलं लिहायला स्वयंपाकघरात पाटी आहे. बाकी मी बोलतो.

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर होती ती. कान गेल्यावर मागच्या खोलीत फायली लावायला बसवलं. आता तिने अर्ज केलाय — खिडकी परत द्या. म्हणते, "मध्ये काच आहे. ऐकणाऱ्यांनाही तिथे धड ऐकू येत नाही. मग माझं काय वेगळं?" बिनतोड मुद्दा. माझ्या भाषणात घेण्याजोगा. पंचवीस तारखेला तिची चाचणी आहे. नापास झाली तर फायली, निवृत्तीपर्यंत.

आणि सराव बंद पडलाय.

७ मार्च, शनिवार

नवं कार्ड आणायला दुकानात गेलो. दुकानदार सावध माणूस. "काका, खोक्यावर लिहिलंय नव्या सिस्टीमला चालतं. पण तुमची चौसष्ट बिटची आहे म्हणता ना? मग छातीठोक सांगत नाही. थांबा आठवडाभर, दुसरं मागवतो."

आठवडा! मी बोलायला लागलो. छापील शब्दाची प्रतिष्ठा. खोक्यावर लिहिलेलं वचन आणि वचनाची जबाबदारी. राज्यं कशी बुडाली — "थांबा" म्हणणाऱ्यांमुळे! दोन गिऱ्हाइकं मोबाइल बघायचं सोडून ऐकत उभी राहिली. एकाने मान डोलावली. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "न्या काका, न्या! माझी काही हरकत नाही."

८ मार्च

वाद मी जिंकलो. कार्ड चालत नाही.

१० मार्च

मुलीचा फोन. "बाबा, दुकानदार नको म्हणत होता आणि तुम्ही त्याला पटवलंत?"

"पटवलं."

"कार्डाला पटवा आता."

आईवर गेलीय.

मग नीट समजावून दिलं तिने. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाष्या. माझ्या कार्डाचा दुभाष्या जुन्या दरबारातला, बत्तीस बिटवाला. नव्या दरबारात त्याची भाषा कुणाला येत नाही. म्हणून आधी कार्ड बघायचं नाही, आधी दुभाष्या बघायचा. कंपनीच्या साइटवर जायचं, नेमका मॉडेल नंबर टाकायचा, चौसष्ट बिटचा ड्रायव्हर दिसला तरच पुढे. दिसला नाही तर खोक्यावर काहीही छापलेलं असो. "आणि आतलं घेऊ नका. बाहेरून यूएसबीत खोचायचं घ्या. उद्या संगणक बदलला तरी कामाला येईल."

माझ्या तत्त्वांनुसार जुनं कार्ड टाकून देणं हा पराभव आहे. बायकोला पाटीवर तसं लिहून दाखवलं. तिने खाली लिहिलं: "पराभव मान्य. कार्ड कधी येतंय?"

१२ मार्च

बसलो नंबर टाकत. पहिलं — ड्रायव्हर नाही. दुसऱ्याचा आहे, पण "चाचणीसाठी". म्हणजे चाचणी आम्ही करायची! तिसऱ्याचा आहे, ताजा आहे. पण ते नुसतं केबल पकडतं, कॅमेऱ्याची पिवळी पिन लावायला जागाच नाही. मला माझ्या सभांच्या व्हिडिओ कॅसेटही संगणकावर उतरवायच्यात. चौथ्याचं सगळं जुळलं. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "हेच मागवणार होतो काका त्या दिवशी."

"मागवा," एवढंच म्हणालो. क्वचित होतं.

१६ मार्च, सोमवार

आलं. बोटाएवढं आहे. खोचलं, ड्रायव्हर घातला, चॅनेल शोधायला लावले — आणि बातम्या देणारी बाई हजर! बायकोने मला खुर्चीवरून उठवलं. पुठ्ठा चिकटवला. आवाज बंद, वेग अर्धा. बाई पाण्याखाली असल्यासारखी तोंड उघडमीट करते. बायको तिच्या मागोमाग पुटपुटते.

फुकट गेलेले दिवस भरून काढायचेत. जेवण मी केलं.

२१ मार्च, शनिवार

पाणीपट्टीवाढीच्या विरोधात आमच्या संघटनेची सभा. अध्यक्ष आधी बोलले, मग मी. कमी पडलो नाही, एवढं नक्की. "तोफ! तोफ!" अशा आरोळ्या आल्या. हे नाव मला कुणी ठेवलं आठवत नाही, आवडतं मात्र. संघटनेच्या फोटोग्राफरने सगळं कॅसेटवर घेतलंय. पिवळ्या पिनेने उद्या उतरवीन. बायकोला सराव होईल. बातम्यांची बाई परकी, मी घरचा. घरच्या माणसाचे ओठ सोपे जायला हवेत.

२२ मार्च

उतरवलं. दाखवलं. अध्यक्षांचं भाषण तिने पूर्ण वेगाने धडाधड वाचलं. त्यांनी दोनदा चुकीचा आकडा सांगितला, तोही पकडला. सभेत कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मग मी. ती शेवटपर्यंत बघत बसली.

"छान," म्हणाली.

मी हातवारे करून विचारलं, काय म्हणालो?

"पाण्याबद्दल."

माझ्या मागे दहा फूट फलक होता. त्यावर तेच लिहिलंय!

अर्ध्या वेगाने लावलं. तेच. पाव वेगाने लावलं. "तुम्ही रागावलेले दिसता," म्हणाली.

कारण उघड आहे. कार्ड हलक्या प्रतीचं. संथ बोलणारा अध्यक्ष त्याला झेपतो, माझ्यासारखा आवेशाने बोलणारा झेपत नाही. मधल्या फ्रेम गळतात. कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली. तीन पानं झाली. तिची चाचणी होऊन जाऊ दे, मग अधिक ताकदीचं कार्ड बघतो.

२५ मार्च, बुधवार

पास!

वॉर्डाच्या मुख्य नर्सने रोगी म्हणून माणसं पाठवली. एक पुटपुटणारा म्हातारा, एक रडवेली आई, एक तोंडात पान असल्यासारखा बोलणारा शिपाई. दोघांचं तिला कळलं नाही, तर तिने सरळ सांगितलं, "मला ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून पुन्हा बोला." दुसऱ्यांदा कळलं. नर्स म्हणाली, "तुमच्या जागी बसलेल्या बाई तर मान वर न करताच 'काय?' म्हणायच्या." सोमवारपासून खिडकी.

घरी आली ती पायातल्या चपला न काढता खुर्चीत बसून राहिली. मी बरंच बोललो. काचेवर, हक्कावर, जिद्दीवर. ती हसून माझ्याकडे बघत होती.

२६ मार्च

मोठ्या कार्डाची माहितीपत्रकं पसरून, मॉडेल नंबर उतरवून घेत बसलो होतो. तिने ती सगळी गोळा करून बाजूला ठेवली. समोर बसली. माझ्या नाकाखाली बोट टेकवलं.

"कार्ड चांगलं आहे. ही मिशी! वरचा ओठ दिसतच नाही, खालचा दिसतो तो अर्धा. कान गेल्यापासून तुमचं एक वाक्य मला वाचता आलेलं नाही. तुम्ही बोलता. मी मान हलवते."

मी काहीतरी म्हणालो.

"बघा, हेही नाही कळलं," ती म्हणाली. "उद्या सकाळी जाऊन मिशी काढून या. मग बोला."