चार जुलैला कोण कोण गेलं

१४ जून, रविवार. हर्नडन, अमेरिका

१. १७७६ – स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर.
२. १८२६ – बरोबर पन्नास वर्षांनी जेफर्सन दुपारी गेले, ॲडम्स संध्याकाळी.
३. १८३१ – मन्रोही गेले.
४. १८७२ – कूलिज जन्मले.

सगळं चार जुलैला, चौघेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. मंडळाच्या कार्यक्रमासाठी केलेली स्लाइड. तपासायला फक्त सिद्धेशला पाठवली. त्याच दिवशी संध्याकाळी, कार्यक्रमाच्याच हॉलमध्ये, आमचा साखरपुडा – सगळ्यांना सुट्टी, हॉल आयता सजलेला. त्याचं उत्तर : मस्त.

१७ जून

सिद्धेशच्या आईचा, मीनाक्षीकाकूंचा फोन. नागपूरहून येऊन त्यांना दोनच महिने झालेत. चार तारीख नको म्हणाल्या. तीन राष्ट्राध्यक्ष गेले त्या दिवशी अंगठ्या घालायच्या?

मी म्हटलं, कूलिज जन्मलेही.

"एक आला, तीन गेले. हे काही बरं नाही बाई."

वजाबाकी बरोबर होती.

सिद्धेशला विचारलं. तो म्हणे, आईचं मन मोडवत नाही यार, डिसेंबरमध्ये बघू.

१८ जून

ॲडम्स जाताना म्हणाले म्हणे – जेफर्सन अजून आहे. जेफर्सन काही तासांपूर्वीच गेले होते. स्टेटस न बघता बोललं की असं होतं.

२० जून, शनिवार

काकूंनी एडिसन गावच्या एकनाथगुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. मला शेजारी बसवलं. सिद्धेशला नेमकं तेव्हाच ग्रोसरी आणायला जायचं होतं.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हे जेफर्सन तुमचे कोण?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कोणी नाही.

"मग सुतक नाही. आणि श्राद्ध तिथीने करतात, तारखेने नाही. त्यांची तिथी काय?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता! लॅपटॉपवर गणित केलं. जेफर्सन आणि ॲडम्स, दोघेही ज्येष्ठ अमावस्येला गेले. यंदा ती चौदा जुलैला. मन्रोंची तिथी वेगळी, पण तीही चार जुलैला येत नाही.

गुरुजी म्हणाले, चार तारीख मोकळी आहे, मीही मोकळा आहे.

काकूंनी लगेच पेढ्यांचं काढलं.

२१ जून

काकूंकडे साखरपुड्याची साडी बघायला गेले. मोरपिशी. कपाटात पंधरा दिवसांपासून तयार. मी म्हटलं, काकू, तुम्हाला अमेरिकेचा इतिहास बराच माहीत आहे.

त्या हसल्या. "मला कुठला गं इतिहास! सिद्धेशनेच वाचून दाखवला. म्हणाला, आई, ही तारीख नको असं तूच सांग तिला. तुला ती नाही म्हणणार नाही."

साडीची मोडलेली घडी मी पुन्हा नीट घातली.

२२ जून

सकाळी सिद्धेशला पाठवलं :

चार जुलैला जेफर्सन, ॲडम्स, मन्रो यांची हरकत नाही. काकूंची नाही. गुरुजींची नाही. राहिलास तू. तुझं उत्तर तू स्वतः दे – शुक्रवार, २६ जूनपर्यंत.