वर उचललेला भाऊ

जयपूर,
फेब्रुवारी १९९८

ती. अव्वा, तुझ्या पायावर बसवेशचं डोकं.

मी बरा हाय, फक्त तुझ्या भाकरीची सय येती. तुझा गुडघा कसा हाय? पत्र मिळालं. पानभर धाकट्या सोमेशच्या कुस्तीचं कौतुक, आणि थोरल्याला नुसतं 'जपून रहा'. कागलचं मैदान मारलं म्हणून त्याला खांद्यावर मिरवलं म्हणं. मिरवू दे की!

इथं जुन्या जैन पोथ्यांचे फोटो काढायचं काम चाललंय. काल एका चित्रात दोन भावांची कुस्ती निघाली. एकानं दुसऱ्याला डोक्यावर उचललेलं. मी म्हणलं, "वरचा जिंकला. आमच्याकडं जिंकलेल्यालाच उचलत्यात." पोथ्या वाचणारे पंडितजी हसले. म्हणाले, वरचा थोरला भरत, तो हरलाय. धाकट्या बाहुबलीनं त्याला आपटलं न्हाय, थोरला म्हणून अलगद खाली ठेवलं.

मला दुपारचं जेवण गेलं न्हाय.

मी गावी आलो की सोमेश स्टँडवरच, चारचौघांत, मला उचलून गरगर फिरवतो. तूबी हसतीस. त्याला म्हणावं, या खेपेला उचललंस तर अलगद खाली ठेव.

तुझा थोरला,
बसवेश