सीटमागचे निळे बूट

नांदेड,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. तुळजाअक्कास,
धाकट्या सुदर्शनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडं बरा हाय, तुम्ही सगळे तिकडं बरे असाल. पत्र बघून हसू नको. फोनवर लिहून पाठवलं की तुझी सून शिल्पा ते तुझ्या कानाशी ओरडून वाचते. तुला निम्मंच ऐकू येतं, पण आख्ख्या आळीला कळतं की मामा कुठं आंघोळ करतो आन कुठं झाडामागं बसतो. मनून आपलं हे बंद पाकीट बरं.

तू विचारलं होतंस, वीस-वीस दिवस गाडीवर राहतोस तर तुझं सगळं होतं तरी कसं. तर ऐक. लातूरला तूरडाळ भरायची, मदुराईला उतरवायची, येताना नारळ. आंघोळ पेट्रोल पंपावर, गाड्या धुवायच्या पाइपाखाली, चड्डीवर, चार लोकांदेखत. संडासला कुलूप असतं आन किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. मग तांब्या घेऊन बाभळी शोधायच्या. रस्ता चारपदरी केला तवा त्या बाभळी पण तोडल्या मेल्यांनी. कपडे केबिनमागच्या दोरीवर वाळतात, पण डिझेलचा वास काही जात न्हाई. जेवण म्हणशील तर स्टोव्हवर भात, कधी पिठलं, कधी नुसता चहा.

आता खरं सांगायचं ते सांगतो. चार-पाच महिने झाले, दर अर्ध्या तासाला लघवीला लागून राहिलं. हायवेला एवढी मोठी गाडी कुठं कुठं उभी करू? मनून पाणी पिणंच सोडलं. मागच्या फेरीत टोलनाक्यावर ड्रायव्हर लोकांची तपासणी होती, तिथं माझी साखर तीनशे चाळीस निघाली. डॉक्टरीणबाईनं डोळे मिटायला लावले, तळपायाला टाचणी लावली आन विचारलं टोचलं का. मी म्हणलं, बाई, लावा तर आधी. तिचं चार ठिकाणी लावून झालं होतं.

तिनं बजावून सांगितलंय. गोळ्या चुकवायच्या न्हाईत, वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं आन पाय उघडा ठेवायचा न्हाई. बाहेर न्हाई, घरात न्हाई, गाडीत तर मुळीच न्हाई. मी लगेच मऊ बूट घेतले, निळे. पण अक्का, गाडीत बूट कसा घालू? आपल्या बापूंनी पहिल्यांदा स्टेअरिंग हातात दिलं तवा तुझ्यासमोरच माझ्याकडून शब्द घेतला होता, की पायताण पायदानावर काढायचं, सीटमागं टाकायचं आन उघड्या पायानं गाडी चालवायची. सव्वीस वर्षं पाळलं. आता बापू न्हाईत. तू सांगशील तसं करतो.

उमरीला तुझ्या भावजयीला, वर्षाराणीला, यातलं काही कळवू नको, ती रडून घर डोक्यावर घेईल. मालकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेईल. मला गाडीशिवाय दुसरं काय येतं? पत्र मुज्तबाच्या दुकानावर टाक. गाड्यांच्या गाद्या शिवणारा माझा दोस्त, तुझ्या हातच्या पुरणपोळ्या मोजून न खाणारा, तोच.

माया हाय तशी राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
सुदर्शन


शिरूर अनंतपाळ,
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल ऐन शिवरात्रीला आलं आन उपासाचा एक घास घशाखाली उतरला न्हाई. अरे गाढवा, पाणी पिणं सोडतोस? दर अर्ध्या तासाला लागतं तर दर अर्ध्या तासाला थांब. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. लाज धरून कोणी जगलंय का?

भात बंद कर. ज्वारीचं पीठ आन मेथ्यांची पूड बांधून ठेवलीय, माझा आनंदराज लातूरला मार्केटात आणून देईल. नारळाची गाडी आणतोस तर येताना नारळपाणी ढोसत असशील, ते पण बंद. वर्षाराणीपासून लपवतोस ते मला पटलं न्हाई, पण तू म्हणतोस मनून गप बसते.

आता बुटाचं. ते जमायचं न्हाई, सुदर्शन. बापूंनी एकतीस वर्षं गाडी हाकली, एका कोंबडीला धक्का लागला न्हाई. तू एकदाच, त्या घाटात, पावसाची घाई मनून चप्पल पायात ठेवून चढलास आन त्याच दिवशी तुझा ब्रेक गेला. तूच रडत सांगितलं होतंस मला, विसरलास? जिथं देवाचा फोटो हाय, जी आपल्याला भाकर देती, तिथं पायताण घेऊन बसायचं? डॉक्टरीणबाई शिकलेली असंल, पण तिनं कधी गाडी हाकली न्हाई. बाहेर बूट घाल, झोपेत पण घाल, मी नको म्हणत न्हाई. चढताना मात्र काढ. गाडीत पायाला काय होणार हाय? तिथं ना काटा ना खडा. एवढं माझं ऐक, बापूंच्या ठिकाणी मी सांगते असं समज.

जपून जा, सावकाश जा. पोचलास की दोन ओळी टाक. जीव तुझ्याकडं लागलेला असतो, तो तसाच राहील.

तुझी,
अक्का


नांदेड,
दि. १२ मे २०२५

आदरणीय तुळजाअक्का यांस,
मुज्तबाचा सलाम आणि नमस्कार.

सुदर्शननं मला कसम घातली होती की अक्काला कळवायचं नाही. ती कसम मोडून लिहून राहिलो, अल्ला माफ करो. तुम्ही घाबरू नका. त्याच्या जिवाला आता धोका नाही. उजवा पाय मात्र घोट्याच्या वरपासून काढावा लागला.

झालं ते असं. एप्रिलच्या शेवटी तो मदुराईहून नारळ घेऊन निघाला. ऊन तर तुम्हाला माहीतच आहे यंदाचं. त्याच्या गाडीत अ‍ॅक्सिलेटरजवळची रबरी चटई फाटलेली, खालून इंजिनची धग येते, पत्रा तव्यासारखा तापतो. दुसऱ्या कोणी तिथं क्षणभर पाय ठेवला नसता. ह्याला पत्ताच नाही. दिवसभर चालवली. जळका वास आला तर ब्रेकचा असेल म्हणून खाली उतरून चारी बाजूंनी चाकं बघून आला. ढाब्यावर पाय धुताना तळवा दिसला. तरी फडकं बांधून दोन दिवस गाडी हाकत नांदेड गाठलं, कारण माल उतरवल्याशिवाय मालकाला सांगायचं कसं? माझ्या दुकानासमोर गाडी लावली आणि उतरता येईना. मी उचलून दवाखान्यात नेलं. आधी तीन बोटं काढली, पाच दिवसांनी पाय.

माझ्या मनाला एकच लागून राहिलं, अक्का. गाद्या मी शिवतो, गाडीची चटई माझ्या डोळ्यांसमोर फाटलेली होती, एक तुकडा कापून टाकायला मला कितीसा वेळ लागला असता? आणि त्याच्याकडं बूट होते हो. मार्चच्या आठ तारखेला तुमचं पत्र आलं, मी माझ्या हातानं त्याला दिलं. दुकानातच बसून त्यानं दोनदा वाचलं. घरची गोष्ट, मी विचारलं नाही. मग गाडीत चढताना त्यानं ते निळे बूट काढून सीटमागं ठेवले आणि पत्राची घडी करून देवाच्या फोटोमागं खोचली. परवा गाडीतून त्याचं सामान काढलं तेव्हा बूट तिथंच होते. तळांना चटका लागल्याची खूणही नाही.

वर्षाराणी वहिनी दवाखान्यात आहेत. माझी फरीदा डबा पोचवते, ज्वारीची भाकर करायला शिकली त्यासाठी. तुम्ही आलात तर त्याला बरं वाटेल, तोंडानं म्हणणार नाही. दुआ असू द्या.

आपला,
मुज्तबा


शिरूर अनंतपाळ,
दि. १९ मे २०२५

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

मुज्तबाचं पत्र आलं. त्याच्यावर रागावू नको, त्यानं बरंच केलं.

मी त्याच दिवशी निघाले होते. आनंदराजनं बसमध्ये बसवलं, पिशवीत तुझ्यासाठी धपाटे होते. गाडी स्टँडातून निघायच्या आत मी उतरले आन घरी परत आले. गुडघे दुखतात मनून सांगितलं सगळ्यांना. गुडघे दुखत न्हाईत, सुदर्शन. तुझ्या पांघरुणाकडं बघायची माझ्यात ताकद न्हाई.

एकच विचारते आन खरं सांग, तुला बापूंची आण हाय. मी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जे पत्र लिहिलं होतं, ते वाचून तू बूट काढलेस का? गाडीत काटा न्हाई, खडा न्हाई, असं मीच लिहिलं होतं ना? रोज चूल पेटवते, तव्याला बोट लागलं की हात मागं घेते, आन तेवढ्यानं मला रडू येतं. शिल्पा विचारते काय झालं. तिला काय सांगू?

पत्राच्या वाटेकडं डोळे लावून,
अक्का


उमरी,
दि. ४ जून २०२५

ती. अक्कास,
सुदर्शनचा नमस्कार, वि. वि.

दवाखान्यातून घरी येऊन आठ दिवस झाले. जखम सुकत आली, साखर उतरली. तुझं पत्र वर्षाराणीनं उशाशी आणून दिलं.

तू कोणत्या पत्राचं विचारतेस तेच मला कळेना. शिवरात्रीनंतर हे सोडून तुझं मला एकही पत्र मिळालेलं न्हाई. मुज्तबाच्या दुकानात रेक्झिनच्या गुंडाळ्यांत माणूस हरवेल, तिथं पाकिटाचं काय. मी वाट बघून बघून शेवटी आपल्या मनानं बूट घालूनच गाडी चालवत होतो. बापूंचा शब्द मोडला मनून तुझी भीती वाटत होती उलट. बूट घालून पण भाजायचं ते भाजलं. या आजारात असंच होतंय, कोणाला पण विचार. तवा तू आपलं काहीतरी मनात घेऊन बसू नको. बापूंची आण घातलीस मनून अगदी खरं सांगितलं.

बाकी मजेत हाय. हसशील, पण सव्वीस वर्षं गाडीवर मी एकाच गोष्टीचं सपन बघितलं. संडास दहा पावलांवर असावा, त्याला आतून कडी असावी, दार वाजवायला मागं रांग नसावी. आंघोळीला गरम पाणी, ताटात वेळेवर भाकर, आन हवं तेवढं पाणी प्यावं. आता सगळं मिळालं. दहा पावलं जायला तेवढा वर्षाराणीचा खांदा लागतो. कडी लावू देत न्हाई ती, मी पडेन मनून बाहेर उभी राहते. साखर लपवली त्याचा तिला लई राग हाय, कामापुरतंच बोलते. सकाळी तिनं माझं अंग पुसलं तवा मला रडू आलं, तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

गाडी दुसऱ्याला दिली मालकानं. मुज्तबानं माझं सामान आणून टाकलं, तांब्या, स्टोव्ह, कपड्यांची दोरी. दोरी वर्षाराणीनं अंगणात बांधली. डावा बूट मी घालतो, उजवा तिनं कुठं ठेवला मी विचारलं न्हाई.

तू येऊन जा. धपाटे आण. पांघरूण मी नीट ओढून बसेन, तुला काही दिसणार न्हाई. पहिल्यासारखी रागाव, शिव्या दे, पण येत न्हाई असं करू नको.

तुझा,
सुदर्शन


शिरूर अनंतपाळ,
दि. ११ जून २०२५

चि. सुदर्शन यास,
अक्काचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझं पत्र तुला मिळालं न्हाई म्हणतोस. बरं बाबा. न्हाई मिळालं. मुज्तबाला मी काही विचारायची न्हाई, तू पण विचारू नको.

बापूंची आण घेऊन लिहिलंस. बापू असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक हाय. तुला जवळ घेतलं असतं आन माझ्याशी महिनाभर बोलले नसते. त्यांच्या वाटचं मीच करते. महिना झाला, मी देवासमोर बसले न्हाई. दिवा शिल्पा लावते.

मी येणार न्हाई, तू ये. पांघरुणाआड बसलेला भाऊ मला बघायचा न्हाई. २२ तारखेच्या रविवारी आनंदराज जीप घेऊन येईल, वर्षाराणीला पण आण, तिच्याकडून मला चार शब्द ऐकून घ्यायचे हायत. मागचा संडास दुरुस्त करून घेतलाय. धरायला लोखंडी दांडा बसवला आन आतून नवी कडी. बाहेर मी उभी राहीन, मला तसं पण ऐकू येत न्हाई.

आन एक सांगते. या घरात कोणी पायताण घालून आलेलं मी कधी चालू दिलं न्हाई, तुला ठाऊक हाय. रविवारी उंबऱ्याशी वाकू नको. तो निळा बूट पायातच ठेव. पायातच ठेवून आत ये, देवघरात माझ्याशेजारी बस, मग मी दिवा लावीन.

हे पत्र मात्र तुला मिळू दे.

तुझी,
अक्का