डाव्या डोळ्याचं दर्शन

४ फेब्रुवारी
जबडा दुखतो! चार घास चावले की थकतो, थांबलं की बरा. हे म्हणाले, इतकी वर्षं अखंड चालवलास, थकणारच. विनोद फक्त आपल्यालाच जमतो असं ह्यांना वाटतं. डावं कानशीलही ठणकतं. फणी लागली तरी जीव जातो. अंबाडा सैल घातला – आरशात बघवत नाही.

८ फेब्रुवारी
लिहू की नको? लिहितेच. वही थोडीच कुणाला सांगायला जाणार!
सकाळी चष्मा लावून देवापुढे स्तोत्र म्हणत होते. धुकं आलं. खालून चढत गेलं – आधी देवाचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग मुख. सगळं राखाडी. थोड्या वेळानं आलं तसं गेलं. अंगावर काटा! चाळीस वर्षं उपाशीपोटी नेमानं बसते, पाठदुखीपलीकडे काही लाभलं नव्हतं. आज लाभलं.
घड्याळात बघून टिपलं: सहा बारा ते सहा सतरा. देव आला तरी माझा हिशेब सुटत नाही.
कुणाला सांगायचं नाही. असं सांगितलं की ओसरतं.

१० फेब्रुवारी
पुन्हा! सहा वीस ते सहा चोवीस. मी मॅट्रिक, तीही गणितात काठावर. देव गुणपत्रिका बघत नाही वाटतं.
दिवसभर सुनेशी फार मायेनं वागले. तिला संशय आला. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितलं.

११ फेब्रुवारी
ताप निघालाच, बारीकसा. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कानशील चाचपलं आणि उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणाले. दुखतंय डोकं नि जबडा, दाखवायचे डोळे!

१२ फेब्रुवारी
सूनबाई बरोबर होती. तिथल्या काचा लावून एकेक डोळा झाकून अक्षरं वाचली – दोन्ही डोळ्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत. शाळेत असा निकाल कधी लागला नव्हता. मग विजेरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखले. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून आत खोलवर बघितलं. माझा चष्मा हातात घेऊन बाई बराच वेळ बघत राहिल्या. उजव्या काचेला तडा आहे, म्हणून वर चिकटपट्टी लावली आहे. सहा महिने छान चाललं आहे. त्या काचेतून दिसत काही नाही, ही गोष्ट वेगळी.
बाईंनी समजावलं. कानशिलातली रक्तवाहिनी सुजली असावी. तीच सूज डोळ्याचं रक्त तोडते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मग विचारलं, “आजी, मध्येच कधी दिसेनासं झालं होतं? मिनिटभर तरी?”
“नाही.”
सूनबाईनं पुन्हा विचारलं. नाही म्हणजे नाही, म्हटलं. दर्शनाला दिसेनासं होणं कसं म्हणायचं?
गोळ्या आजच सुरू करायच्या आहेत. पण गोळ्यांनी धुकं यायचं थांबलं तर? उद्याचा जप तेवढा होऊन जाऊ दे. सूनबाईला सांगितलं, घेतली.

१३ फेब्रुवारी, दवाखान्यात
सकाळी तासभर वाट बघितली. काही नाही. देव रुसला म्हणून खट्टू होऊन, चष्मा काढून भांडी घासायला उभी राहिले. करपलेलं पातेलं. साबण उडून उजव्या डोळ्यात गेला, तो मिटला – आणि खालून काळोख चढला. पार वरपर्यंत.
करपलेल्या पातेल्यात देव कशाला येईल!
वरचं निवळलं, खालचं निवळेना. सुनेला हाक मारली. सगळं सांगितलं, गोळीचंसुद्धा. तिनं कपाळावर हात मारला आणि त्याच हातानं किल्ली उचलली.
बाईंनी वेळा विचारल्या. मी वही पुढे केली. त्या वाचत होत्या, खांद्यावरून सूनही. मायेनं वागल्याच्या ओळीशी ती हसली, आणि मग नुसतीच नाक ओढत राहिली.
बाई म्हणाल्या, “मिनिटा-मिनिटाची नोंद आहे. हे काल सांगितलं असतंत, तर कालच सलाईनमधून औषध सुरू केलं असतं.”
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी
औषध चालू. जबडा एका दिवसात मोकळा! ह्यांना वाईट वाटलं असणार.

२२ फेब्रुवारी
परवा घरी आले. तिथं कानशिलातल्या रक्तवाहिनीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्यातही तीच सूज निघाली. आज तपासणीला गेले. मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. डाव्याच्या वेळी बराच वेळ काही लुकलुकेना, म्हणून दोन-तीनदा अंदाजानं दाबलं. यंत्रानं कॉपी पकडली! या वयात!
उजवा शाबूत आहे म्हणाल्या. तो राखायचा तर एकही गोळी चुकवायची नाही.

२४ फेब्रुवारी
आधी चार घास खाल्ले, गोळी घेतली, मग देवापुढे बसले. उजवा डोळा झाकून बघितलं. मुख दिसलं. पाय नाहीत.
पायांची जागा पाठ आहे. तिथंच डोकं टेकवलं.