जोडीतली दुसरी

प्रिय दिपाली,

आठवी आलीस म्हणून तोंड पाडून बसू नकोस. घाटकोपरच्या मासळी बाजारात तुझी आई प्रत्येक गिऱ्हाइकाला 'माझी पोरगी जगात आठवी' म्हणून सांगत सुटली आहे, आणि त्या आनंदात पापलेटचा भावसुद्धा कमी करते आहे. ऑलिंपिकची फायनल तुझ्या आईने आणि मी तुमच्या ट्रॉम्बेच्या घरी पाहिली. म्हणजे मी पाहिली. तू ट्रॅम्पोलिनवर चढलीस तेव्हा मावशींनी डोळे मिटले, ते तू खाली उतरल्यावरच उघडले. मध्ये एकदाच विचारलं, "हाय ना गो बरी?"

मी मात्र बघण्यापेक्षा ऐकतच जास्त होते. तू खाली आलीस की जाळीचा आवाज व्हायचा, आणि त्याच्याबरोबरचा दुसरा आवाज यायचाच नाही. टीव्हीसमोर बसल्या जागी माझेच पाय जमिनीवर दाबले जात होते.

मुलुंडच्या हॉलमध्ये आपल्या दोन ट्रॅम्पोलिन शेजारी शेजारी असायच्या, आणि माधुरीताई आपल्याला एकमेकींकडे बघू द्यायच्या नाहीत. बघितलं की उशीर होतो, जोडीदारणीला कानाने धरायचं, म्हणायच्या. तू नेहमी माझ्यानंतर उतरायचीस आणि वर मलाच उतावळी म्हणायचीस. मग कधीतरी दोन आवाजांचा एक झाला. पुढे आपण भांडून अबोला धरला, तेव्हासुद्धा तो एकच राहिला.

ऑलिंपिकमध्ये जोडीचा प्रकार नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुला एकटीला सरावासाठी परदेशातून बोलावणं आलं तेव्हा तुझी बॅग मीच भरली. जा म्हणाले ते मनापासून म्हणाले. माझ्याबरोबर उडताना तू तुझी उंची कमी ठेवायचीस, हे मला कळत होतं गं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीही गप्प राहिले.

तू गेल्यापासून मी लहान मुलींना शिकवते, सराव एकटीने करते. जोडीचा विषय निघाला की गुडघ्याचं निमित्त सांगते. गुडघा ठणठणीत आहे.

आता पत्राचं कारण सांगते, फोनवर मला हे जमलं नसतं. नाहूरची शर्मिष्ठा नावाची एक नवी मुलगी आली आहे. राज्य स्पर्धेसाठी ताईंना तिची जोडी माझ्याशी लावायची आहे. मी टाळाटाळ केली, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "नेत्रा, ती आता जोडीत परत यायची नाही. तू किती वाट बघणार?" काल आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र उडालो. शेवटी शेवटी आवाज एक झाला. घरी आल्यावर मला रडू कोसळलं. पत्र पोचून तुझं उत्तर येईपर्यंतची सवड मी ताईंकडून मागून घेतली आहे, कारण तुला विचारल्याशिवाय माझ्याने हो म्हणवत नाही. तू हो म्हणशील, मला माहीत आहे, हसत म्हणशील. पण दिपे, आधी एकदा नाही म्हण. मग हो म्हण.

अजून तुझीच,
नेत्रा